डोलकाठीखालचा नारळ

ती घटना आठवली की आजही मला आधी ताज्या बुंदीचा वास येतो आणि मग तपासाचे कागद डोळ्यांपुढे येतात. एरवी आम्हा पोलिसांच्या आठवणींचा क्रम उलटा असतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी आवडती केस विचारली तर मी शिडाच्या चोरीची सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं साहेब थट्टा करतायत. इंदापूर तालुक्यात, जिथून समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो, तिथं जहाजाचं शीड चोरीला जाईलच कसं? पण गेलं होतं, आणि त्याची फिर्यादही रीतसर दाखल झाली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी उपनिरीक्षक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत फौजदार. ठाणं उजनी धरणाच्या फुगवट्यापासून जवळ, पुणे-सोलापूर रस्त्याच्या अंगाला. गळीत हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून बसायच्या, आणि आमचा निम्मा दिवस उलटलेला ऊस बाजूला करवण्यात जायचा. बाकी मग बांधाची भांडणं, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या आणि रस्त्यावरचे अपघात. असल्या ठाण्याच्या हद्दीत एक गलबत येऊन उभं राहिलं होतं.

त्याचं असं झालं, की आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना कोकणात फिरताना एका खाडीच्या चिखलात रुतलेलं जुनं गलबत दिसलं. कौलं आणि तांदूळ भरून शिडाच्या जोरावर मुंबईला जाणारं. आपल्या पोरांनी समुद्रावरचं जहाज कधी बघायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. गलबत सुटं झालं, ट्रकांवर चढलं आणि घाट चढून डाळजजवळ पाण्याच्या काठाला एका सिमेंटच्या ओट्यावर पुन्हा उभं राहिलं. त्याचं संग्रहालय करायचं होतं. लोक आधी हसले आणि मग मदतीला आले, आमच्याकडे असंच होतं. अंथुर्ण्याकडून लाकूड आलं, भवानीनगरच्या फिटर मंडळींनी सुट्टी घालवून लोखंडकाम केलं. शीड शिवायला वस्त्यावस्त्यांवरून बायका ट्रॉलीत बसून आल्या. त्यांत पूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या जास्त होत्या. घोंगडीच्या पट्ट्या जोडायचा त्यांचा हात पक्का, त्याच टाक्यानं त्यांनी जाड पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या.

गलबताबरोबर त्याचा जुना तांडेलही आला होता. तांडेल म्हणजे शिडाच्या जहाजावरचा मुख्य माणूस. वय झालेलं, अंगानं वाळलेला, आवाज मात्र खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा. दोऱ्या, डोलकाठी, शीड यांची मांडणी तोच करून घेत होता. संस्थेचे सचिव आणि तो यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. सचिवांचं म्हणणं, शीड गुंडाळून ठेवू आणि डोलकाठीला विजेची तोरणं लावू. तांडेलाचं म्हणणं, शीड चढलं नाही तर ते गलबत कसलं, ती नुसती पडवी. उद्घाटन रविवारी सकाळी होतं. शुक्रवारी सकाळी दोघांची चांगलीच जुंपली आणि तांडेल सगळ्यांसमोर बोलून गेला, की चढवायचं नसेल तर शीड मी घरी घेऊन जातो.

आणि शुक्रवारी दुपारीच शीड नाहीसं झालं. रात्री आवराआवर करताना ते कुणाच्या लक्षात आलं आणि शनिवारी सकाळी सचिव माझ्यासमोर हजर. हजेरी नुकतीच संपली होती. फिर्याद सांगतानाच त्यांनी आरोपीचं नावही सांगून टाकलं. मी म्हटलं, नाव ठरवायचं काम आमच्याकडे राहू द्या. ठाणे अंमलदारानं अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. सचिव नाराज झाले. संध्याकाळपर्यंत शीड मिळालं नाही तर तांडेलाला आत घ्या, उद्या मंत्रीमहोदय येणार आहेत, असं बजावून ते गेले. वरून फोन यायला आता फार वेळ लागणार नाही हे मला कळून चुकलं.

पंचनाम्याच्या निमित्तानं मी ते गलबत पहिल्यांदा पाहिलं. मी साताऱ्याकडचा, माझं पाण्याचं ज्ञान विहिरीपुरतं. पण त्या फळीच्या जिन्यावरून वर चढलो आणि क्षणभर आपण कशाला आलोय तेच विसरलो. खाली फुगवट्याचं पाणी, त्यात लांबवर उभे असलेले गुलाबी पक्षी, आणि मी एका लाकडी पोटाच्या काठावर उभा. आत होकायंत्र, तांदूळ मोजायची मापं, जुने कंदील नीट मांडून ठेवले होते. तेलाचा आणि नव्या लाकडाचा वास येत होता. माझ्यासोबतचे हवालदार भवानीनगरकडचे, भारदस्त माणूस. त्यांनी जिन्याखालीच बूट काढून ठेवले होते. का विचारलं तर म्हणाले, सगळीच काढतात. उद्घाटनाआधीच लोक बघायला येत, हात जोडत आणि कुठं फूल, कुठं पैसा ठेवून जात. सचिवांना त्याचाही राग होता.

शीड डोलकाठीच्या बुडाशी घडी करून ठेवलेलं असायचं. तिथं आता मोकळी फळी होती. फळीवर हळदकुंकवाचा ताजा डाग होता आणि नारळाच्या शेंडीचे चार धागे. हवालदारांनी ते पंचनाम्यात लिहून घेतलं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, लोक वाहतात हो साहेब, रोजचंच आहे. त्यानं दुपारी जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त जागा सोडली नव्हती. झटापट नाही, कुलूप तोडलेलं नाही, ओरखडा नाही. चोर इतका नीटनेटका असला की पोलिसाला जरा अपमान झाल्यासारखं वाटतं.

ठाण्यात परतलो तर खबर वाट बघत होती. हायवेवर आमचा एक चहावाला होता, त्याची किटली आणि कान दोन्ही सदा तापलेले. तो सांगत आला, की परवा तुमचा तांडेल एका ट्रकवाल्याशी दाराला लटकून कुजबुजत होता. ट्रक कोकणात गेलाय आणि आज दुपारच्या आत परत येणार आहे. मी विचारलं, बोलणं काय झालं? तर म्हणाला, एवढंच ऐकलं, "कुणाला कळू देऊ नको, नीट सांभाळून आण-ने कर."

आता हे म्हणजे आरोपपत्राला तोरण बांधल्यासारखं होतं. भांडण, धमकी आणि वाहनाची सोय; शीड वाटेत कुठंतरी लपवून आज त्या ट्रकात चढवायचा बेत असणार. मी तांडेलाला बोलावून घेतलं.

माझी चौकशीची पद्धत साधी होती. आधी चहा द्यायचा आणि माणसाला त्याच्या आवडीचं बोलू द्यायचं. माणूस आवडीचं बोलताना कसा दिसतो ते एकदा बघून ठेवलं की खोटं बोलताना वेगळा दिसतो. तांडेल गलबतावर इतका बोलला की दोनदा चहा मागवावा लागला. वादळात शीड कसं उतरवायचं, कुठल्या खाडीच्या तोंडाशी वाळू कशी फसवते, सगळं सांगितलं. शिडाच्या चोरीबद्दल विचारलं तेव्हाही चेहरा तोच राहिला.

"साहेब, शीड मी न्यायचा तर कुठं लावायचा? घराच्या कौलांना?"

"मग ट्रकवाल्याशी काय बोलणं झालं?"

इथं मात्र चेहरा बदलला. त्यानं बशी खाली ठेवली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "ता नाय सांगायचा."

धाक घातला, समजूत घातली, पण पुढं अक्षर नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भीतीनं माणूस पांढरा पडतो, एवढं मला ठाऊक होतं. हा लाल कशानं झाला ते कळेना. हवालदार बाहेर येऊन म्हणाले, साहेब, मला काही हा चोर वाटत नाही. मी म्हटलं, मलाही नाही, पण संध्याकाळी सचिवांना तुमचं माझं वाटणं पुरणार नाही. त्या म्हाताऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी कोठडीत बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं, हे स्पष्टच सांगतो.

आम्ही हायवेवर सापळा लावला. साध्या वेशातले दोन शिपाई चहावाल्याकडे, मी जीपसह बाभळीच्या आड. ट्रक आला. हात दाखवून थांबवला, मागची ताडपत्री उचलली तर आत चिऱ्याचे दगड. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि नऊवारी नेसलेली एक आजीबाई हातातली टोपली सांभाळत खाली उतरली. टोपलीत सुकी मासळी होती, त्याची ओळख वाऱ्यानंच करून दिली. तिनं आमच्याकडे बघितलं, माझ्या टोपीकडे बघितलं आणि विचारलं, "तांडेलांचा गलबत खयसर हाय?"

ती तांडेलाची बायको होती. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बायकोला बघायला बोलावलंय हे सांगायची त्याला लाज वाटली होती. लोक म्हाताऱ्याला चिडवतील म्हणून त्यानं ट्रकवाल्याकडून वचन घेतलं होतं. ठाण्यात तिला बघून तो उभा राहिला आणि पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागला. आमचे शिपाई हसू दाबत बाहेर गेले.

बाई मात्र मोकळी होती. ती मला म्हणाली, "मी शीड लांबसून बघितलाय, साहेब. दर खेपेला, हे जाताना. जवळसून कधी नाय. गलबतावर बायकांना चढू देत नसत. हे बोलले, आता चढ, आता शीड दाखवतो."

 शीड नाहीसं झालंय हे तिला सांगायची हिंमत तांडेलाला होईना आणि मलाही. आतापर्यंत मी एका संस्थेचा मुद्देमाल शोधत होतो. त्या क्षणापासून मी त्या बाईसाठी शोधू लागलो.

मी पंचनामा पुन्हा काढला आणि हवालदारांना मोठ्यानं वाचायला लावला. हळदकुंकवाच्या डागाशी ते थांबले. म्हणाले, "साहेब, शेंडीचं धागं हायत, मंग नारळ कुठं हाय?"

वॉचमनला परत बोलावलं. नारळाचं नाव काढताच तो चुळबुळ करू लागला. लोकांनी वाहिलेले नारळ तो गुळाच्या खड्याबरोबर खात असे, त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं, पण पोलिसांनी विचारल्यावर ते एकदम गैर वाटू लागलं. जेवून आलो तर डोलकाठीशी नारळ दिसला, फोडला आणि खाल्ला, असं त्यानं कबूल केलं. घडी जागेवर आहे की नाही हे त्यानं बघितलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष नारळावर.

"तिथं फोडलेला होता का नुसता ठिवलेला?" हवालदारांनी विचारलं.

"ठिवलेला. सुपारी बी होती वर."

हवालदार खुर्चीत मागं रेलले आणि पोट धरून हसायला लागले. अधिकाऱ्यासमोर एवढं हसण्याची त्यांची पद्धत नव्हती. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडच्या वस्त्यांवर देवळातली मोठी पातेली, जाजम, मांडवाचं कापड हे सगळ्यांच्या वर्गणीचं असतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की त्यानं ते न्यायचं, कुणाला विचारायचं नाही. फक्त जिथून उचललं तिथं हळदकुंकू लावून, सुपारीसकट नारळ ठेवायचा. तो दिसला की समजायचं, वस्तू कार्याला गेलीय आणि परत येणार आहे. परत आणून ठेवल्यावर तोच नारळ फोडून सगळ्यांना वाटायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नाही.

"म्हंजे यानं पावतीच खाल्ली, साहेब," हवालदार म्हणाले.

आता लग्नघर शोधायचं होतं. दिवस मुहूर्ताचा, चारी दिशांना सनया वाजत होत्या. प्रत्येक मांडवात फौजदार घुसला असता तर अर्धा तालुका घाबरला असता. मी बाजारात स्पीकर आणि मांडव भाड्यानं देणाऱ्याला गाठलं. ज्यांनी स्पीकर नेला पण मांडव नेला नाही असं कुणी आहे का, एवढंच विचारलं. त्याची जखम ताजीच होती. म्हणाला, अंथुर्ण्याच्या अलीकडच्या वस्तीवरचे आबा. दोन कर्णे नेले आणि मांडव नको म्हणाले. वर म्हणाले, मांडव आमचा आमी शिवलाय.

जीपमध्ये मी, हवालदार, तांडेल आणि टोपलीसह त्याची बायको. तिला मागं एकटी कुठं ठेवायची, म्हणून घेतली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. विहिरीजवळच्या मोकळ्या रानात, तीन कोपऱ्यांत बांबूंवर ताणून, चौथ्या कोपऱ्यात आंब्याच्या फांदीला बांधून, ते शीड पसरलं होतं. खाली सगळं वऱ्हाड सावलीत उभं. आमचा मुद्देमाल वाऱ्यानं हलके हलके फुगत होता.

कायद्यानं मी तो तिथंच जप्त करू शकत होतो. पण मुलीच्या डोक्यावरून मांडव काढून घेणारा फौजदार व्हायची माझी तयारी नव्हती. आम्ही मागं उभे राहिलो. कुणीतरी आमच्या हातावर अक्षता ठेवल्या, त्या आम्ही शेवटच्या 'सावधान'ला टाकल्या.

आबा म्हणजे नवरीचे आजोबा. डोक्याला लाल पटका, हातात काठी, मेंढरं कधीच विकून शेतीत स्थिरावलेला माणूस. पोलिसांची टोपी बघून त्यांना वाटलं आम्ही आहेराला आलोय. मी त्यांना बाजूला घेऊन शिडाबद्दल विचारलं.

"शीड व्हय? हाय की वर," ते बोट दाखवून म्हणाले. "संध्याकाळी धुऊन परत ठिवणार हुतो. उद्याच्याला तुमचा कार्यक्रम हाय, म्हाईत हाय मला. ह्या पोरीनं बी त्यातल्या पट्ट्या शिवल्यात."

"पण आबा, न विचारता नेलंत."

"इचारायचं कशाला? नारळ ठिवला की."

मी सांगितलं, की तो नारळ वॉचमननं खाल्ला, त्यामुळे चोरीची फिर्याद झाली आणि नाव या तांडेलावर आलं. आबांचा चेहरा उतरला. काठी बगलेत धरून त्यांनी तांडेलापुढं दोन्ही हात जोडले. "पाव्हणं, माझ्या नातीच्या मांडवापायी तुमच्यावर चोरीचं नाव आलं. काय म्हनू मी तुमाला?"

तांडेलाचं लक्ष तिकडं नव्हतं. तो वर बघत होता. मला वाटलं आता भडका उडणार, शिडाचा मांडव केला म्हणून हा माणूस सगळ्यांना फाडून खाणार. आणि तो खरंच ओरडला, पण आंब्याच्या फांदीखाली उभ्या असलेल्या पोरांवर. म्हणाला, ही गाठ कुणी मारली? वारा वाढला तर कापड फाटेल. धोतराचा सोगा खोचून तो बांबूवर चढायला लागला. पुढचा काही वेळ त्या लग्नाचा कारभार त्याच्याच हातात होता. त्यानं चारही दोऱ्या सोडवून पुन्हा बांधल्या, अमुक ओढ, तमुक सैल सोड असे हुकूम दिले, आणि वऱ्हाडातले जावई निमूटपणे दोऱ्या ओढत राहिले. मांडव आधीपेक्षा हातभर उंच चढला. आबा शेजारी उभे राहून कौतुकानं मान हलवत होते.

त्याची बायको केव्हाच बायकांच्या पंगतीत जाऊन बसली होती. पानात बुंदी, वांग्याची भाजी आणि आमटी वाढलेली. तिचा हात पानात होता, पण ती जेवत नव्हती. मान वर करून ती शिडाकडे बघत होती, एका पट्टीवरून दुसरीवर, टाक्याटाक्यानं. नवरी तिच्याशेजारी बसून बोटानं काहीतरी दाखवत होती, बहुधा तिनं शिवलेली पट्टी. तांडेल घाम पुसत खाली उतरला आणि लांबूनच बायकोकडे बघून म्हणाला, "बघितलास?"

"बघितला," ती म्हणाली. "केवढा मोठा हाय ओ."

मी तोंड वळवून पाणी प्यायलो. हवालदार तिसऱ्यांदा बुंदी घेत होते, त्यांनी ते पाहिलं नसावं अशी आशा आहे.

संध्याकाळी शीड वाजतगाजत परत आलं. आबांनी ते धुतलं होतं, तरी एका कडेला हळदीचा मोठा पिवळा पट्टा राहिलाच. वॉचमननं स्वतः नवा नारळ आणून डोलकाठीशी ठेवला आणि आबांनी तो फोडला. पहिला तुकडा त्यांनी तांडेलाच्या हातात दिला. सचिवांनीही एक तुकडा घेतला, जरा उशिरा. त्यांनी मला बाजूला घेऊन फिर्यादीचं काय असं विचारलं. मी म्हटलं, चोरीला लबाडीचा हेतू लागतो आणि इथं तर हेतू नारळ ठेवून जाहीर केला होता. गैरसमजुतीतून फिर्याद, असा अहवाल पाठवून मी प्रकरण मिटवलं. रविवारी सकाळी शीड चढलं. मंत्रीमहोदयांनी पिवळ्या पट्ट्याबद्दल विचारलं तेव्हा सचिव पुढं होऊन म्हणाले, शुभशकुन आहे साहेब. त्या दिवसापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत सुधारलं.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. काय गेलं हे फिर्यादी सांगतोच. पण त्या जागी काय आहे, तिकडं कुणी बघत नाही. चोर मागं काही ठेवत नाही. ज्यानं काही ठेवलंय, त्याला परत यायचं असतं. पुढं नव्या पोरांना तपासाला पाठवताना मी हे सांगायचो आणि ते मान डोलवून विसरून जायचे.

निवृत्तीनंतर एकदा बायकोला घेऊन बारामतीकडे निघालो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून तिला ते गलबत दाखवायला नेलं. आम्ही जिन्याखाली चपला काढल्या. वॉचमन नवा होता. कंदील, होकायंत्र, मापं सगळं जागच्या जागी होतं, भिंतीवर तांडेलाचा एक फोटो लागला होता. बायको डोलकाठीपाशी थांबली आणि वर बघून म्हणाली, तुम्ही एवढं सांगत होतात ते शीड कुठं आहे?

मी खाली बघितलं. फळीवर हळदकुंकू लावलेला नारळ होता, वर सुपारी.

"लग्नाला गेलंय," मी म्हणालो.